वूफर केवढा, ॲम्प केवढा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या टपालात गाडीच्या वूफरची (बेसच्या स्पीकरची) आणि त्याला ताकद देणाऱ्या ॲम्पची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, पत्रं इतकी आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. बहुतेकांनी वॅट लिहिलेत आणि तेही खोक्यावरचे, ओहमचा, म्हणजे वूफर करंटला किती अडवतो त्या आकड्याचा, पत्ताच नाही. ज्यांनी मॅन्युअलचा किंवा मॅग्नेटमागच्या स्टिकरचा फोटो पाठवलाय त्यांची पत्रं आधी घेतलीत, कारण फोटोशिवाय सांगणं म्हणजे नुसता अंदाज.

प्रश्न : सर, पेट्रोल स्विफ्ट आहे. १२ इंची वूफर घेतला, खोक्यावर १४०० वॅट लिहिलंय. दुकानदार म्हणतो ह्याला २००० वॅटचा चार चॅनलचा ॲम्प लाव, ॲम्प वूफरपेक्षा मोठाच पाहिजे. मित्र म्हणतो २००० सोडलेस तर वूफर एका गाण्यात फाटेल. मला दोघांचंही पटतंय म्हणून अडलोय. दोन्हींच्या मॅन्युअलचे फोटो पाठवतोय. – एक वाचक, कुपवाड

फोटो पाठवलेत हे लई बेस केलंत. तुमच्या वूफरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय ३५० वॅट आरएमएस, ४ ओहम, सिंगल कॉइल. आरएमएस म्हणजे सतत वाजवताना चालणारी खरी ताकद. १४०० हा मॅक्सचा आकडा, म्हणजे क्षणभर बसलेला दणका सोसेल एवढाच त्याचा अर्थ, तासभर गाणी वाजवायला त्याचा काही उपयोग नाही. ज्यांच्या घरी कॅसेटवाला टेपरेकॉर्डर होता त्यांना पीएमपीओ आठवत असेल, हाताएवढा टेप आणि वर १००० वॅट पीएमपीओ छापलेलं, तोच हा प्रकार. आता ॲम्प बघा. पुढे ठळक २००० वॅट, आत मॅन्युअलमध्ये चार चॅनल प्रत्येकी ६० वॅट आरएमएस ४ ओहमवर, आणि दोन-दोन चॅनल ब्रिज केले, म्हणजे जोडून एक केले, तर १८० वॅट ४ ओहमवर. म्हणजे तुमच्या वूफरला ह्या २००० वॅटच्या ॲम्पमधून मिळणार १८०. मित्राला सांगा, फाटायचं सोडा, वूफर निम्म्या ताकदीवर चालणार आहे.

मॅन्युअल नसेल तर ॲम्पचे फ्यूज मोजायचे. तुमच्या फोटोत २० अॅम्पिअरचे दोन फ्यूज दिसतायत, म्हणजे ४०. गाडी चालू असताना साधारण १३.८ व्होल्ट असतात, ४० गुणिले १३.८ म्हणजे ५५० वॅट आत जाणार. हा एबी क्लासचा ॲम्प आहे, आत गेलेल्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास बाहेर येतं आणि बाकीची उष्णता होते, म्हणजे सगळे चॅनल मिळून तीनशे-साडेतीनशे. मॅन्युअलमधल्या आकड्यांशी बरोबर जुळतंय. खरोखरचे २००० वॅट काढायचे तर चांगल्या डी क्लास (कमी ताकद वाया घालवणाऱ्या) ॲम्पलासुद्धा १८० अॅम्पिअर लागतील, आणि तेवढे द्यायला तुमच्या स्विफ्टसारखे दोन अल्टरनेटर लावले तरी पुरणार नाहीत. तेव्हा खोक्यावर दोन हजार आणि अंगावर ४० चे फ्यूज दिसले की काय ते समजून घ्यायचं.

अमेरिकेत २००३ साली ह्या आकड्यांच्या गोंधळावर सीईए-२००६ नावाचं मानक निघालं. १४.४ व्होल्टवर, ४ ओहमवर, आवाजातली विकृती १ टक्क्याच्या आत ठेवून जेवढे वॅट मिळतात तेवढेच छापायचे असा त्याचा नियम. सक्ती नाही, कंपनीच्या मर्जीवर आहे, पण खोक्यावर तो शिक्का असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता घ्यायचं काय? वूफरच्या आरएमएसच्या पाऊणपट ते दीडपट ॲम्प चालतो, म्हणजे तुम्हाला २६० ते ५२५ मध्ये काहीही, पण हे वॅट ४ ओहमवरचे पाहिजेत. मोनो (एकाच चॅनलच्या) ॲम्पवर ५०० छापलेले असतात ते बऱ्याचदा २ किंवा १ ओहमवरचे, ४ ओहमवर तोच ॲम्प तीनशेवर येतो. तक्ता बघूनच पैसे द्यायचे. पण एक सांगू का, दुकानदाराचा ॲम्प वाईट नाहीये, त्याचा फक्त आकडा खोटा आहे. १८० आणि ३६० मध्ये कानाला फरक फक्त ३ डेसिबलचा पडतो, वॅट दुप्पट झाले की ३ वाढतात एवढंच. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तुम्हाला दारातले स्पीकरही बदलायचे असतील तर पुढचे दोन चॅनल दारांना, मागचे दोन ब्रिज करून वूफरला, एकाच ॲम्पात काम होतंय. नुसता वूफरच वाजवायचा असेल तर मात्र मोनो घ्या.

प्रश्न : दादा, नमस्कार. दोन १२ इंची वूफर आहेत, दोन्ही ड्युअल व्हॉइस कॉइल ४+४ ओहम, प्रत्येकी ५०० आरएमएस. ॲम्प मोनो, १ ओहमवर १०००, २ वर ६५०, ४ वर ३८०. फिटिंगवाल्याने ४ ओहम करून दिलंय. आधी एकच वूफर होता तेव्हा जेवढा बेस होता तेवढाच आता येतो, उलट कमीच वाटतो. एक जण म्हणतो २ ओहम कर, सेफ राहील. कसं जोडू? – एक वाचक, शाहूपुरी, सातारा

मित्रा, २ ओहम विसर, तुझ्याकडे आहेत त्या चार कॉइलमधून (एका वूफरच्या दोन) २ ओहम होतच नाहीत. चारही पॅरलल केल्या तर १ ओहम. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल सिरीज करून ८, मग दोन वूफर पॅरलल, झाले ४. किंवा प्रत्येकाच्या कॉइल पॅरलल करून २, मग दोन वूफर सिरीज, परत ४. सगळ्याच सिरीजमध्ये घातल्या तर १६. संपलं. २ ओहम पाहिजे असते तर २+२ चे दोन वूफर घ्यायला हवे होते, किंवा ४ ओहमचे सिंगल कॉइलवाले. एक कॉइल मोकळी सोडायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नकोस, अर्ध्या कॉइलवर वूफर चालवला की त्याची ताकदही अर्धी होते.

पण त्याआधी दुसरंच बघ. दोन वूफर लावून बेस एकापेक्षा कमी येतो म्हणजे मला शंका आहे ती उलट्या जोडणीची. एका वूफरला प्लस-मायनस उलटे लागले असतील तर एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो आणि दोघं मिळून आवाज खाऊन टाकतात. ॲम्पची वायर काढ, साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घे आणि बॉक्सच्या टर्मिनलला प्लसला प्लस क्षणभर टेकव. दोन्ही वूफरचे कोन एकाच दिशेला, बाहेर, हलले पाहिजेत. एक आत गेला तर चोर सापडला. कधीकधी एकाच वूफरच्या दोन कॉइल एकमेकींच्या विरुद्ध जोडलेल्या असतात, तेव्हा कोन जवळजवळ हलतच नाही आणि कॉइल मात्र तापत राहते, हे जास्त वाईट.

ते सरळ झालं आणि ४ ओहमवरच समाधान झालं तर पुढचं वाचू नकोस, तुझे पैसे वाचतील. १ ओहमवर नेलंस तर ३८० चे १००० होतील, फायदा ४ डेसिबलच्या जरा वर. ऐकू येण्यासारखा आहे, नाही असं नाही. पण खर्च बघ, १००० वॅटसाठी ॲम्पची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तरी शंभरच्या आसपास अॅम्पिअर ओढले जातात. गाणं म्हणजे सलग सूर नसतो त्यामुळे सरासरी बरीच खाली राहते, तरी प्रत्येक दणक्याला हेडलाइट मिचमिचणार, रात्री यवतेश्वरच्या घाटात ते बरं नाही. मग वायर ४ गेजची, अस्सल तांब्याची. स्वस्त किटमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर असते, वरून तांबूस दिसते, तीच जाडी पण करंट नेण्याची ताकद तांब्याच्या साठ-पासष्ट टक्के. चाकूने एक तार खरवडून बघ, आत पांढरी निघाली की परत ठेव. साडेसात एचपीची मोटर बसवायची आणि पाइप एक इंची टाकायचा असं आहे ते, मोटरला शिव्या घालून काय उपयोग. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो, त्यामुळे डिकीत ॲम्पशेजारी लावून चालत नाही. अर्थिंगची वायर हातभर आणि तेवढीच जाडी, खालचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देणारे महाभाग आहेत, तसं करू नये.

शेवटी मल्टिमीटर लावून ओहम तपास. १ ओहमची जोडणी मीटरवर ०.८-०.९ च्या आसपास दिसते, डीसी रेझिस्टन्स नेहमी थोडा कमीच असतो. स्वस्त मीटरच्या पिनांचाच ०.२-०.३ येतो, आधी पिना एकमेकींना टेकवून किती दाखवतोय ते बघ आणि तेवढा वजा कर. अर्ध्या ओहमसारखं दिसलं तर ॲम्प चालूच करू नकोस, कुठंतरी काहीतरी चुकलंय.

प्रश्न : ४०० आरएमएस वूफर, ४ ओहम, त्याला २५० वॅटचा ॲम्प. तीन महिन्यांत कॉइल जळाली, गाडीत वास अजून आहे. दुकानदार म्हणतो ॲम्प छोटा होता म्हणून जळाली, मोठा घे. ॲम्प छोटा असताना वूफर जळतो हे डोक्यात शिरत नाही. (गेन फुल होता, बेस बूस्ट पण फुल, डेकवर लाउडनेस ऑन. घरी शास्त्रीय ऐकतो, गाडीत मात्र डीजे.) – एक वाचक, मिरज

कंसातल्या ओळीत तुमचं तुम्हीच उत्तर दिलंय. छोट्या ॲम्पने वूफर जळतो हे अर्धंच खरं आहे आणि ते ॲम्प विकायला फार सोयीचं पडतं. २५० वॅटचा ॲम्प स्वच्छ चालवला तर ४०० च्या वूफरला आयुष्यभर काही करणार नाही, आवाज थोडा कमी एवढंच. घोळ होतो तो क्लिपिंगने. ॲम्पकडे जेवढे व्होल्ट आहेत त्याच्या वर जायला लावलं की सुराची गोलाई वरून-खालून कापली जाते, लाट चौकोनी होते, आणि तेवढ्याच उंचीच्या पूर्ण चौकोनी लाटेत ताकद गोल लाटेच्या दुप्पट असते. म्हणजे तुमचा २५० चा ॲम्प ५०० पर्यंत ढकलत होता, आणि तेही सतत. साध्या गाण्यात डग्ग्याची घुमक येते अन् जाते, मधल्या वेळात कॉइल निवते, कापलेल्या डीजे मिक्सला ती उसंतच मिळत नाही. ४०० च्या कॉइलला सलग ५०० म्हणजे वास येणारच. हाच २५० चा ॲम्प ८०० आरएमएसच्या वूफरवर असता तर कितीही क्लिप केलात तरी कॉइल जळाली नसती, घाण आवाज आला असता फक्त. म्हणून म्हणतो, दोष गेनचा, ॲम्पवरच्या त्या स्क्रूचा आहे. मोठा ॲम्प आणून तोही फुल पिळलात तर पुढचा वूफर तीन आठवड्यांत.

बेस बूस्टचं गणित तर भयंकर आहे. ६ डेसिबल म्हणजे ताकद चौपट, १२ म्हणजे सोळापट. २५० वाल्याकडे तुम्ही त्या फ्रिक्वेन्सीला ४००० वॅट मागत होतात. वर लाउडनेसने आणखी.

वूफर रिकॉइल करून, म्हणजे नवी कॉइल बसवून आणलात की गेन असा लावा. वूफरची वायर ॲम्पवरून काढा. डेकचा (गाडीतल्या स्टिरिओचा) इक्वलायझर शून्य, लाउडनेस बंद, बेस बूस्ट बंद. ॲम्पचा लो-पास, म्हणजे ठरावीक आकड्याच्या वरचे सूर अडवणारा फिल्टर, फिरवून सगळ्यात वर न्या, नाहीतर तोच सूर कापेल. फोनवर किंवा पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा सूर घ्या, फोन ब्लूटूथवर असेल तर फोनचा आवाज फुल ठेवा, डेकचा आवाज पाऊणवर. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, पिना ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला. ५० हर्ट्झच घ्यायचं कारण आपली घरातली लाइट ५० हर्ट्झची असते, स्वस्तातला मीटरही तिथं बरोबर वाचतो. आता किती व्होल्ट पाहिजेत ते काढायचं, वॅट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ. २५० गुणिले ४ म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत ३१.६ वर आला की सोडून द्यायचा आणि पुन्हा हात लावायचा नाही. लो-पास ८० हर्ट्झवर आणा, वूफर जोडा, झालं. तिथून पुढे डेकचा आवाज पाऊणच्या वर नेलात तर क्लिपिंग तुमच्या हातानं.

गेन हा आवाजाचा खटका नाही, डेकमधून येणारे व्होल्ट आणि ॲम्प ह्यांचा मेळ बसवायचा स्क्रू आहे. गेन निम्म्यावर असतानाही ॲम्प पूर्ण ताकद देऊ शकतो, डेक तगडा असला तर. त्यामुळे 'माझा गेन निम्मा शिल्लक आहे' ह्या आनंदात कुणी राहू नका. आणि ॲम्प मोठा घ्यायचाच तर ५०० चा घ्या आणि गेन ४०० च्या हिशेबानं, म्हणजे ४० व्होल्टवर लावा. मोठा ॲम्प आवरून वाजवलेला मला छोटा पिळून काढलेल्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

प्रश्न : ट्रॅक्टरला टेप हाय, सीझनला कारखान्याला ऊस वडतो. १५ इंची दोन गाडीचे वूफर, प्लायच्या बॉक्समधी, मोठा ॲम्प. बेस लागतच न्हाय, आणि फडात गाडी भरंपर्यंत टेप चालू ठेवला की सेल्फ लागत न्हाय. अजून मोठा ॲम्प बसवू का? – एक ट्रॅक्टरवाला, वाळवा तालुका

नको दादा. मोठा ॲम्प बसवला तर सेल्फ आधी जाईल आणि बेस तरीही लागणार नाही. कार बंद खोलीसारखी असते, खालच्या सुरांना त्या बंद जागेचा फुकटचा रेटा मिळतो, पन्नास-साठ हर्ट्झच्या खाली तो झपाट्यानं वाढतो. गाडीचे वूफर त्याच भरवशावर बनवतात. ट्रॅक्टरवर चारी बाजूंनी उघडं, तो रेटा शून्य, म्हणून कारमध्ये छाती हलवणारा वूफर तुमच्या मडगार्डवर नुसता हलतो. दुसरं, गाडीचा वूफर १ वॅटला साधारण ८५ डेसिबल देतो. मंडपातल्या साउंडवाल्यांकडचे पीए टाइप स्पीकर ९५ च्या पुढे देतात. दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट वॅट, तुमचे ५०० वॅट आणि त्यांचे ५० सारखेच वाजतात. फार खोल बेस त्यातून येणार नाही, पण हलगीचा ठोका, ढोलाची थाप, जी मोकळ्यावर ऐकू येते, ती येईल. तसले दोन, बहुतेक ८ ओहमचे असतात, पॅरलल करून ४ ओहम आणि १५०-२०० वॅट आरएमएसचा ॲम्प, बास.

बॅटरीचं सांगायचं तर इंजिन बंद असताना ३० अॅम्पिअर ओढणारा ॲम्प तास-दीड तास चालला की ८८ अॅम्पिअर-अवरची बॅटरीसुद्धा स्टार्टर फिरवायला लंगडी पडते. फडात भरताना टेप बंद, किंवा फक्त डेक, ॲम्प बंद. इंजिन चालू असलं तरी कमी आरपीएमवर अल्टरनेटर पूर्ण देत नाही. मागं दोन ट्रॉल्या, रात्रीचा रस्ता, मागच्याचा हॉर्न तुम्हाला ऐकू आला पाहिजे, ते पण बघा. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावलेत ना?

प्रश्न : ट्रक आहे, २४ व्होल्ट. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ घेऊन ॲम्प चालवला तर? – कराड

चालेल, आणि दोन्ही बॅटऱ्या लवकर जातील. ज्या बॅटरीवरून घेतलंत ती कायम अर्धपोटी राहते, अल्टरनेटर दोघींना मिळून भरतो त्यामुळे दुसरी उकळते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, पण त्यावरचे अॅम्पिअर बघून. २० अॅम्पिअरच्या कन्व्हर्टरवर ॲम्पमधून जेमतेम दोनशे वॅट निघतील, त्यावर ५०० चा ॲम्प लावू नका. केबिनमध्ये २०० पुष्कळ होतात.

प्रश्न : नवऱ्याला डिकीत बॉक्स पाहिजे, मला डिकी पाहिजे. सुट्टीत माहेरी जाताना सामान ठेवायचं कुठं? सीटखाली बसणारा वूफर मिळतो म्हणतात, त्यात जीव असतो का? – एक वाचक ताई, सातारा

ताई, असतो, पण बेतानं. ८ इंची सपाट वूफर, ॲम्प आतच, त्यामुळे जुळवाजुळवीची कटकट नाही, कंपनीनंच जुळवून दिलेलं असतं. खोक्यावर काही का असेना, खरे १००-१५० वॅट धरा. भजनं, जुनी गाणी, मराठी-हिंदी सगळं छान भरून येतं, चाळीस हर्ट्झच्या खालचं काही येत नाही आणि ते गेल्याचं बहुतेकांना कळतही नाही. कंपनीचा स्टिरिओ असेल तर हाय-लेव्हल इनपुटवाला, म्हणजे स्पीकरच्या वायरवरूनच आवाज घेणारा घ्या, डेक बदलावा लागत नाही. घेण्याआधी सीटखालची उंची मोजून जा. आणि करंटची वायर बॅटरीवरूनच, फ्यूज लावून, लायटरच्या सॉकेटवरून नाही. माझं मत विचाराल तर डिकी तुमचीच.

प्रश्न : माझा वूफर बंद बॉक्समध्ये आहे. मित्राचा सेम वूफर, सेम ॲम्प, पण पोर्टवाला बॉक्स, त्याचा आवाज दीडपट. माझ्या बॉक्सला भोक पाडून पाइप बसवला तर चालेल का? – तासगाव

नाही. १२ इंचीला बंद बॉक्स घनफूटभर पुरतो, पोर्टवाल्याला जवळजवळ त्याच्या दुप्पट जागा लागते. छोट्या बॉक्सला भोक पाडलं की ट्यूनिंग भलतीकडंच जातं, एकच सूर बुऽम बुऽम करतो. नवीन बॉक्स करा, १८ एमएमचा, आतून नीट आडवे दांडे देऊन, आणि वूफरच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाचा. मग ॲम्पवरचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर अडवणारा, वापरायला शिका. पोर्टच्या ट्यूनिंगखाली कोनला मागून हवेचा आधार राहत नाही, ३५ हर्ट्झला ट्यून केलेल्या बॉक्समध्ये २५ चा सूर आला तर ४०० आरएमएसचा वूफर २०० वॅटवरसुद्धा आपटतो. आरएमएस हे कॉइल किती उष्णता सोसते त्याचं माप आहे, कोन किती लांब जातो त्याचं नाही. ३५ च्या बॉक्सला फिल्टर २८-३० वर ठेवा. बंद बॉक्समध्ये हवाच स्प्रिंगचं काम करते म्हणून तुमचा आजवर वाचलाय.

प्रश्न : मुलगा रात्री साडेअकराला गाडी घेऊन येतो, गल्लीत शिरला की तावदानं वाजतात. शेजाऱ्यांनी बोलून दाखवलं. त्याचं म्हणणं, मोबाइलवर आवाज मोजला, लिमिटमध्ये आहे. काय करावं? – एक वडील, विश्रामबाग, सांगली

काका, मोबाइलवरचा आकडा फसवा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे, त्यात निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण ती ज्या ए पद्धतीनं मोजतात त्यात ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलनं कमी धरला जातो, कारण बारीक आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. तावदानाला ते कुठं माहीत. मीटर ६० दाखवत असला तरी काचेवर आपटणारा बेस ९० चा असू शकतो. शिवाय ६० हेसुद्धा ४५ च्या वरच झालं की. ४० हर्ट्झच्या सुराची लांबी साडेआठ मीटर, त्याला तुमची भिंत म्हणजे काहीच नाही, दार-खिडक्या लावूनही तो घरात येतोच.

मोनो ॲम्पबरोबर बऱ्याचदा बेसचा रिमोट नॉब येतो, स्टेअरिंगजवळ बसवायचा, कॉलनीच्या वळणावर डावीकडे शून्यावर फिरवायचा आणि हायवेला लागलं की पुन्हा वर. तो खोक्यात तसाच पडलेला असेल, शोधा. मुलाला सांगून बघा, बहुतेक ऐकेल. नाहीच ऐकलं तर बॅटरीजवळ ॲम्पचा फ्यूज असतो, तो काढून कपाटात ठेवा, ॲम्पला काही होत नाही आणि गाडी पण चालू राहते.